ट्रॅक्टरच्या शेडची जमीन कशी करावी?



ट्रॅक्टर घ्यायचे ठरले की घरात महिनाभर चर्चा चालते. कोणत्या कंपनीचा घ्यायचा, किती अश्वशक्तीचा, बँकेचा हप्ता कसा बसवायचा, सगळ्याचा खल होतो. तो रात्री उभा कुठे राहणार, हा विचार मात्र ट्रॅक्टर दारात आल्यावर सुचतो. मग घराच्या अंगाला चार लोखंडी खांब रोवले जातात, वर पत्रे चढतात, आणि खाली होती तीच जमीन राहते. "पुढच्या वर्षी कोबा करून घेऊ" असे म्हणतो. पण पुढचे वर्ष उजाडण्याआधी मावळचा एक आख्खा पावसाळा येतो, आणि त्या चार महिन्यांत चाकाखाली खळगे, खळग्यात पाणी, पाण्यावर ऑइलचा तवंग, असा सगळा थाट तयार होतो.

अलीकडे पुष्कळ घरी ट्रॅक्टरशेजारी चारचाकीही आली आहे. कार्ला, कुसगाव, लोणावळा या बाजूला ज्यांनी घरे बांधली त्यांनी तर खास गाडीखाना काढला आहे. गाडी कोणतीही असो, तिच्या खालच्या जमिनीचे नियम एकच. फरक फक्त जाडीचा. म्हणून या लेखात ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून सगळी माहिती दिली आहे. चारचाकीवाल्याने त्यातून आपल्यापुरते घ्यावे.

जमीन बिघडते ती कशाने?

पहिली गोष्ट वजन. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो, आणि त्यातले निम्म्याहून बरेच जास्त वजन मागच्या दोन चाकांवर असते. म्हणजे मागच्या एकेका चाकाखाली सहा-सात क्विंटलचा भार. पाच टन माल भरलेली दोनचाकी ट्रॉली शेडात आणून उभी केली तर तिच्या एकेका चाकावर दोन टनांहून अधिक भार येतो. ट्रॉली सोडून ठेवली की तिचा पुढचा टेकू तेवढ्याच जागी रोज टोचत राहतो, तो वेगळाच.

दुसरी गोष्ट पाणी. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे जुन्या हिशेबाने दीडशे इंचांहून जास्त पाऊस पडतो. तिथून कामशेत, वडगाव, तळेगाव, सोमाटणे असे पूर्वेकडे यावे तसा तो झपाट्याने उतरतो. पण डोंगराच्या पायथ्याला ज्यांची घरे आहेत त्यांना ठाऊक आहे की पाणी वरून येते तसे खालूनही येते. आषाढात जमिनीला पाझर फुटतात आणि घरातली जमीनसुद्धा घामेजते. शेडातली ओल इंजिनाच्या खाली, नांगराच्या फाळाला, रोटाव्हेटरच्या पात्यांना लागून राहते आणि गंज धरतो.

तिसरी गोष्ट तेल. डिझेल, इंजिन ऑइल, हायड्रॉलिकचे तेल थेंब थेंब गळतच असते. कच्च्या जमिनीत ते मुरते, आणि दारातली विहीर किंवा बोअर जवळ असेल तर पुढे कुठे जाईल याचा भरवसा नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती म्हणजे जॅक. पंक्चर काढायला किंवा चाक उतरवायला जॅक लावतात. जॅकचे बूड तळहाताएवढे, आणि त्यावर अर्धा-पाऊण टन वजन. भिजलेल्या मुरमात ते एका अंगाने खचते, जॅक कलतो आणि ट्रॅक्टर घसरतो. त्या वेळी खाली माणूस असेल तर पुढचे सांगायला नको. शेडची जमीन पक्की करण्यात धूळ-चिखल टळतो हे खरेच, पण जॅक लावणाऱ्याचा जीव सांभाळला जातो हे त्याहून मोठे कारण आहे. जमीन पक्की असली तरी जॅकखाली फळी, बाकीच्या चाकांना उटी आणि उचललेल्या भागाखाली लाकडाचा भक्कम ठोकळा दिल्याशिवाय कोणी खाली शिरू नये.

काय काय पर्याय आहेत?

मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसने ठोकलेली जमीन सर्वांत स्वस्त. बैलगाडीला, अवजारांना ती चालत होती. ट्रॅक्टरला ती पहिली दोन वर्षे तात्पुरती म्हणून चालेल. मात्र दरवर्षी दिवाळीनंतर मुरूम घालून पुन्हा ठोकावी लागते आणि वर सांगितलेला जॅकचा धोका राहतोच.

शहाबादी फरशी आपल्या घराघरांत आहे. कर्नाटकातल्या शहाबादेकडून येणारा हा चुनखडीच्या जातीचा दगड पायाखाली पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. मग गाडीखाली का तडकतो? दगड कमजोर म्हणून नव्हे, तर फरशीखाली पोकळी राहते म्हणून. इंच-सव्वा इंचाची लादी चारही कोपऱ्यांवर टेकलेली आणि मध्ये पोकळ असली, की चाक मध्यावर आल्याबरोबर ती मोडणार. खाली काँक्रीटचा थर असेल आणि लादी भरपूर मसाल्यात सर्व बाजूंनी बसवली असेल तर चारचाकीला ती चांगली चालते. बसवून झाल्यावर थापीच्या दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर ती लादी उचलून परत बसवायला लावावी. संकोच करू नये, मसाला ओला आहे तोवरच हे होते.

शहाबादी, राजस्थानची कोटा आणि आंध्रची कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडीच्या जातीच्या असल्याने त्यांना आम्ल सोसत नाही. बॅटरीतले पाणी म्हणजे गंधकाचे आम्ल. ते सांडले की फरशी फसफसते आणि तिथे खड्डा पडतो. म्हणून बॅटरी चार्ज करायची जागा वेगळी करावी आणि खाली प्लॅस्टिकचा ट्रे ठेवावा. पॉलिश केलेली कोटा तर गाडीखान्यात घेऊच नये. ओल्या पायाने, त्यात ऑइलचा थेंब असला की माणूस आडवा होतो. घरातल्या टाइल्सचेही तेच. गुळगुळीत चकचकीत टाइल दिवाणखान्यात शोभते. इथे नांगराचा फाळ पडला की तिची चिप उडते. टाइलच हवी असेल तर अंगणासाठी निघतात त्या जाड, खडबडीत किंवा चौकड्यांच्या पार्किंग टाइल घ्याव्यात, आणि त्याही काँक्रीटवरच.

पेव्हर ब्लॉक आता गावोगाव मिळतात. चारचाकीला ६० मिलिमीटर जाडीचे पुरतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीला ८० मिलिमीटरचे घ्यावेत. एखादा खचला तर तेवढाच उचलून खालची कच सारखी करून परत बसवता येतो, हा मोठा फायदा. पण चारी कडांना काँक्रीटची पट्टी नसेल तर कडेचे ब्लॉक सरकतात आणि मोठ्या पावसात खालची कच वाहून जाते. शिवाय तेल सांध्यांतून खाली मुरते. म्हणून पेव्हर ब्लॉक शेडाबाहेरच्या अंगणाला आणि वाटेला उत्तम. छपराखाली काँक्रीट बरे.

राहता राहिला काँक्रीटचा कोबा. ट्रॅक्टर, ट्रॉली, जॅक, तेल, पाणी या सगळ्यांना एकटा पुरून उरणारा हा एकच पर्याय आहे. पण नीट केला तर. तो कसा करायचा हेच पुढे सविस्तर पाहू.

आधी बूड, मग कोबा

पुष्कळ ठिकाणी खर्च वरच्या थरावर होतो आणि बुडाकडे दुर्लक्ष होते. खालची जमीन बसली की वरचे काँक्रीट कितीही भारी असो, ते तडकणारच. पाया नसलेल्या पिठल्याला कढईचा आधार असतो. कोब्याला तोही नाही.

पहिल्याने वरची माती काढावी. गवत, मुळ्या, शेणखत मिसळलेली सगळी माती निघाली पाहिजे. जागा काळ्या मातीची किंवा जुन्या भातखाचराची असेल तर विशेष जपावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आपण शेतात दरवर्षी पाहतो. तीच हालचाल कोब्याखाली चालली तर तो उचलला जाईल आणि फुटेल. अशी माती दीड-दोन फूट खणून काढावी आणि तिच्या जागी मुरूम भरावा. खणलेली माती शेतात न्यावी. जोत्यात परत भरू नये.

मुरमाची भरणी एकदम करू नये. सहा-सहा इंचांचा थर टाकावा, पाणी मारावे, धुम्मसने किंवा रोलरने ठोकावा, मगच पुढचा थर. "पावसाळाभर बसू दे, आपोआप दबेल" असे म्हणून सोडणारे गवंडी आहेत. भिंतीच्या कडेची भरणी तशी आपोआप दबत नाही, आणि कोबा नेमका तिथेच फुटतो.

त्यावर सहा इंचांचे डबराचे सोलिंग. दगड हाताने एकाशेजारी एक लावायचे, रुंद बाजू खाली, फटींत चिपा ठोकायच्या, वरून मुरूम पसरून पाणी मारून दाबायचे. पाटीने दगड ओतून दिले म्हणजे सोलिंग झाले असे नाही. भरलेली ट्रॉली आत ठेवणार असाल तर सोलिंग नऊ इंच धरावे.

जोत्याची उंची अंगणापेक्षा किमान सहा ते नऊ इंच असावी. डोंगराच्या अंगाला शेड असेल तर वरच्या बाजूने चर काढून पाणी बाहेरच्या बाहेर वळवावे. पत्र्याला पन्हळ लावून तिचे पाणी जोत्यापासून दूर सोडावे. या दोन गोष्टी फुकटात पडतात म्हटले तरी चालेल, आणि निम्मी ओल त्यांनीच कमी होते.

सोलिंगवर तीन इंचांचे १:४:८ प्रमाणाचे कच्चे काँक्रीट घालावे. ते सुकल्यावर त्यावर जाड, म्हणजे २५० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा. सांध्याला कागद एकमेकांवर फूटभर चढवावा आणि भिंतीशी वर दुमडून घ्यावा. मावळात हा कागद वगळू नये. जमिनीतली ओल वर चढते ती हाच अडवतो. खताची पोती, बियाणे शेडातच ठेवणाऱ्यांना याचा उपयोग पहिल्याच पावसाळ्यात कळेल.

वरचा थर

चारचाकीला चार इंच, ट्रॅक्टरला पाच इंच आणि भरल्या ट्रॉलीला सहा इंच जाडी धरावी. प्रमाण १:१॥:३, म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. खडी आपल्याकडच्या काळ्या कातळाची, वीस मिलिमीटरपर्यंतची, धूळ नसलेली घ्यावी. कार्ला-भाज्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वी याच जातीच्या कातळात कोरली गेली. खडीच्या बाबतीत मावळाला कोणाच्या तोंडाकडे पाहायला नको. नदीची वाळू मिळत नसेल तर धुतलेली क्रश सँड चालते.

माप घमेल्याने घेऊ नये. एक घमेले शिगोशीग, दुसरे सपाट, असे होऊन प्रमाण बिघडते. लाकडी फरमा करून घ्यावा : आतून एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. पन्नास किलोची सिमेंटची एक गोणी बरोबर एवढ्याच जागेत मावते. मग एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी. वाळू ओलसर असेल तर ती फुगलेली असते, तेव्हा फरमा पाचव्या हिश्शापर्यंत जास्त भरावा लागतो.

आता पाणी. याच ठिकाणी सगळ्यांत जास्त कामे बिघडतात. एका गोणीला सगळे मिळून २५ ते २७ लिटर, म्हणजे साधारण दोन बादल्या पाणी. तीस लिटरची मर्यादा कधीच ओलांडू नये, आणि वाळू ओली असेल तर आणखी कमी करावे. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, म्हणून "टाक रे अजून एक डबा" अशी हाक येते. त्या एका डब्याने कोब्याची ताकद जाते. जादा पाणी वर येते, उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. माल घट्ट वाटला तर पाणी वाढवू नये, व्हायब्रेटर आणावा.

ट्रॅक्टरसाठी ८ मिलिमीटरच्या गजांची, दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंचांवर बांधलेली जाळी घालावी. ती कोब्याच्या वरच्या अंगाला, वरून दोन इंच खाली राहिली पाहिजे, कारण तिचे काम भेगा आवळून धरण्याचे आहे. प्रत्यक्षात काय होते? जाळी प्लॅस्टिकवर अंथरतात, तिच्यावरून घमेली घेऊन चालतात, आणि ती तळाशीच राहते. तसे लोखंड घातले काय आणि न घातले काय, सारखेच. जाळीखाली सिमेंटचे ठोकळे किंवा खुर्च्या देऊन ती उचलून धरावी.

सांधे का सोडायचे?

काँक्रीट सुकताना आकसते. ते कुठेतरी फुटणारच. कुठे फुटायचे ते आपण ठरवायचे, एवढाच प्रश्न असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला झाला, तो काँक्रीटचा आहे. तळेगाव-लोणावळ्याकडून जाताना त्यावर ठराविक अंतराने आडव्या रेघा दिसतात. त्या भेगा नव्हेत. मुद्दाम कापलेले सांधे आहेत. रस्त्याला जे लागू ते आपल्या शेडालाही.

कोब्याचे आठ-दहा फुटांहून मोठे चौकोन ठेवू नयेत. १२ x १८ फुटांच्या शेडाचे ६ x ९ फुटांचे चार चौकोन होतात. समोरासमोरचे तिरपे दोन चौकोन एका दिवशी आणि उरलेले दोन नंतर भरले तर सांधा आपोआप पडतो. जाळीही चौकोनागणिक वेगळी बांधावी. सलग ओतायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत कटरने जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे पाच इंचांना सव्वा इंच, खाच मारून घ्यावी. उशीर केला तर कोबा आपली भेग स्वतःच शोधतो. भिंत आणि कोबा यांच्यामध्येही अर्ध्या इंचाची थर्मोकोलची पट्टी ठेवावी, म्हणजे भिंत बसली तरी ती कोब्याला ओढणार नाही.

उतार दाराकडे द्यावा, सहा-सात फुटांना एक इंच. डोळ्याला तो दिसत नाही, पण धुतलेले पाणी चालते होते. दाराशी बाहेरची बाजू अर्धा-पाऊण इंच खाली घ्यावी, म्हणजे वाऱ्याने आलेली झड आत शिरत नाही. जोते नऊ इंच असेल तर चढ सहा फूट लांब काढावा आणि त्यावर आडव्या खाचा ओढाव्यात.

शेवटचा हात. वर आलेले पाणी जिरल्यावरच थापी फिरवावी. पुष्कळ गवंडी पाणी लवकर सुकावे म्हणून वरून कोरे सिमेंट भुरभुरतात आणि घोटून आरसा करतात. दिसायला झकास, पण वर्षाभरात तीच साय पापुद्र्यासारखी सुटते आणि शेडात सतत सिमेंटची धूळ उडते. लाकडी थापीने सारखे करून खराट्याने हलक्या रेघा ओढाव्यात. पाय घसरत नाही आणि चाकही धरते.

साखर आणि सिमेंट यांचे वैर

ही गोष्ट इतर कोणाला सांगायची गरज नाही, पण साखर कारखान्याच्या सभासदाला जरूर सांगितली पाहिजे. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस ग्रॅम साखर लागली तरी माल आवळायला चार-एक तास जादा लागतात. शंभर ग्रॅमच्या वर गेली तर तो आवळतच नाही म्हटले तरी चालेल. दोन मुठी साखरेत गोणीभर सिमेंट वाया!

म्हणून काकवी, मळी किंवा उसाचा रस ठेवलेले पिंप काँक्रीटच्या पाण्याला वापरू नये. गुऱ्हाळाच्या जागेवर माल कालवू नये. कोब्यावर ओलावा धरायला साखरेची रिकामी पोती टाकायची असतील तर ती दोन-तीन वेळा खळखळून धुऊन घ्यावीत. नाहीतर ताज्या कोब्याची वरची साल कच्चीच राहते. कोबा पक्का झाल्यावरही मळी किंवा रस त्यावर साचू देऊ नये. तो आंबतो, त्याचे आम्ल होते, आणि ते काँक्रीट हळूहळू खाते. पशुखाद्यासाठी मळी ठेवणाऱ्यांनी पिंपाखाली ट्रे ठेवावा आणि सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे. खताचेही तसेच. अमोनियम सल्फेटसारखी खते ओली झाली की काँक्रीटला आणि लोखंडाला दोहोंना खातात. पोती फळ्यांवर रचावीत.

पाणी मारणे

सिमेंट सुकून पक्के होत नाही, भिजत राहून होते. उन्हाने सुकलेला कोबा वरून पांढरा आणि कडक दिसतो, पण आतून कच्चा राहतो. दुसऱ्या दिवशी, पाय उमटेनासा झाला की, कडेने मातीची आळी घालून त्यात दोन इंच पाणी कोंडावे. भातखाचराला बांध घालणाऱ्याला हे शिकवायला नको. साध्या सिमेंटला हे किमान सात दिवस, आणि आता बाजारात सर्रास मिळते त्या राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला दहा ते चौदा दिवस करावे. दिवसातून दोनदा पाइपने शिंपडून जाणे म्हणजे पाणी मारणे नव्हे. दुपारी तो सुकतोच.

दोन दिवसांनी माणूस चालू शकतो. चारचाकी दहा-बारा दिवसांनी आत घ्यावी. ट्रॅक्टर अठ्ठावीस दिवस बाहेरच राहू द्यावा. शेवटचा हा आठवडा-दोन आठवड्यांचा धीर पुष्कळांना धरवत नाही, आणि कडेचे कोपरे त्या घाईत उडतात. भाताच्या चिखलणीनंतर ट्रॅक्टर केजव्हीलसकट शेडात आणणे तर कायमचे बंद करावे. लोखंडी पाती कोब्याला नांगरल्यासारखी ओरखडतात. केजव्हील बाहेर उतरवावी किंवा वाटेवर जुन्या टायरच्या पट्ट्या टाकाव्यात.

रंग आणि रबर

चारचाकीवाल्यांना कोब्यावर इपॉक्सी रंग किंवा रबराच्या, पीव्हीसीच्या जोडपट्ट्या टाकाव्याशा वाटतात. त्यांना हरकत नाही. तेल मुरत नाही, झाडायला सोपे जाते. पण इपॉक्सीला ओल चालत नाही. खालून ओल आली की फोड येतात आणि पापुद्रे निघतात. म्हणून कोबा महिन्याहून जुना झाल्यावर, हात-दीड हाताचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवावा. उचलल्यावर खाली दव दिसले किंवा कोबा काळपट झालेला दिसला तर रंगाचा नाद सोडावा. ही परीक्षा मे महिन्यात नव्हे, पावसाळ्यात घ्यावी. मेमध्ये सगळेच कोबे पास होतात. जोडपट्ट्या सुट्या असतात, वर्षातून एकदा उचलून खाली साफ करावे. ट्रॅक्टरच्या शेडाला यातले काहीच लागत नाही.

सांडलेल्या तेलावर चिपाडाचा वाळका भुसा किंवा लाकडाचा भुसा टाकावा. तो तेल शोषून घेतो. मग झाडून डब्यात भरावा आणि आगीपासून लांब ठेवावा. पाण्याने धुऊन ओढ्यात सोडू नये. आपला ओढा इंद्रायणीला किंवा पवनेला मिळतो, आणि खाली तेच पाणी लोक पितात. काढलेले जुने ऑइलही डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्याकडेच द्यावे.

साहित्याचा हिशेब

१२ x १८ फुटांच्या, पाच इंच कोब्याच्या शेडाला साधारण असे साहित्य लागते :

डबर (सहा इंच सोलिंग) : एक ब्रासहून थोडे जास्त
सिमेंट : कच्च्या थराला ५ ते ६ गोण्या, वरच्या थराला २० ते २१ गोण्या
वाळू : दोन्ही थर मिळून, नासधूस धरून पाऊण ब्रास
खडी : दोन्ही थर मिळून सव्वा ब्रासहून थोडी जास्त
लोखंड : ८ मिलिमीटरचे, ८० ते ८५ किलो
प्लॅस्टिक कागद : सांधे आणि दुमड धरून सुमारे २७० चौरस फूट

कोबा सहा इंच केला तर वरच्या थराचे सिमेंट २४ ते २५ गोण्यांवर जाते. सिमेंट कामाच्या आठवड्यातच आणावे. गोणीवरची तारीख पाहावी. तीन महिन्यांहून जुने घेऊ नये, आणि हाताने न फुटणाऱ्या गाठी असलेली गोणी परत करावी. मावळच्या हवेत पावसाळाभर ठेवलेले सिमेंट कोब्याला वापरू नये.

पैसे कमी पडत असतील तर काय सोडावे आणि काय सोडू नये? रंग सोडावा, टाइल सोडावी, पाहिजे तर शेडाची पाठीमागची बाजू यंदा मुरमाचीच ठेवावी. पण भरणी, सोलिंग, प्लॅस्टिक आणि पाणी मारणे यांत काटछाट करू नये. अर्ध्या शेडाचा चांगला कोबा पुढच्या वर्षी जोडून पुरा करता येतो. आख्ख्या शेडाचा वाईट कोबा फोडून काढायला नव्याने करण्याइतकाच खर्च येतो, आणि राडारोडा टाकायचा कुठे हा प्रश्न उरतो.

कामाचा काळ मार्गशीर्ष ते माघ हा उत्तम. ऊस तोडणीची धांदल असते, हे मान्य आहे. तोडणी आटोपल्यावर चैत्रात करायचे असेल तर सकाळी लवकर माल ओतावा, वर सावली करावी आणि पाणी दुप्पट दक्षतेने सांभाळावे. वैशाखाच्या अखेरीस मात्र सुरुवात करू नये. अठ्ठावीस दिवस पुरे होण्याआधीच मृगाची पेरणी येते आणि ट्रॅक्टर शेडातून रोज आत-बाहेर करावा लागतो.